भोर-वेल्ह्याचं गवत : निसर्ग की इतिहास?

भोरहून वरंध घाटाकडे किंवा वेल्ह्याहून केळदकडे जाताना आपण सहज म्हणतो, "काय निसर्ग आहे!" पण त्या उघड्या, गवताळ उतारांकडे जरा नीट पाहू. इथे पाऊस भरपूर. शेजारच्या देवराईत झाडी इतकी दाट की ऊन खाली येत नाही. डोंगर तोच, पाऊस तोच. मग फरक कशाचा? देवराईत कुऱ्हाड चालत नाही. बाहेर शेकडो वर्षं गुरं, कोयता आणि आग यांचं राज्य आहे.

कसं, ते बघा. गुरं चरताना झाडांची कोवळी रोपंही खाल्ली जातात, तुडवली जातात. उन्हाळ्यात वाळकं गवत पेटवलं की पावसात नवं लुसलुशीत फुटतं. रोप मात्र जळतं. शिवाय राब. ऐनाच्या फांद्या, पालापाचोळा आणि शेण वाफ्यात जाळायचं आणि तिथे भाताचं, नाचणीचं रोप करायचं. म्हणजे खाली खाचरात पिकणारा भात वरच्या रानावर आणि गोठ्यावर उभा असतो.

माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी १९८२ साली गवळी-धनगरांवर निबंध लिहिला. त्यातली मांडणी लक्षात ठेवण्यासारखी आहे : माथ्यावर म्हशी राखणारे धनगर, खोऱ्यात शेती करणारे कुणबी, आणि दोघांत लोण्या-धान्याची देवघेव. डोंगर असा वाटून घेतलेला होता.

आता शब्दाकडे येऊ. महसुली दप्तरात पीक नसलेली जमीन 'पडीक' झाली. एका शब्दाने पिढ्यांचे श्रम पुसले गेले! 'पडीक' म्हटलं की ती कुणाचीच नाही, असं वाटू लागतं. मग तिथे फार्महाऊसचे प्लॉट पाडताना मनाला टोचत नाही.

याचा अर्थ चराई नेहमी चांगली, असं नाही. अति चराईने माती सुटते, ओढ्यातून धरणात जाते. पण आज उलटं घडतंय. पोरं पुण्याला गेली, गोठे रिकामे झाले. 'आता जंगल आपोआप परत येईल' ही आपली समजूतही भाबडी आहे. काही ठिकाणी येईलही. पण घाणेरीही माजते, आणि न कापलेलं गवत वणव्याला सरपण होतं.

जे माणसांनी आणि गुरांनी मिळून घडवलं, ते नुसतं सोडून दिल्याने राखलं जात नाही. तेव्हा कुठे चराई, कुठे झाडी, हे ठरवताना आधी त्या डोंगरावर गुरं राखलेल्यांना विचारायला हवं. आपण अजून विचारलेलं नाही.