जामीनकीची सही

‘भीड ही भिकेची बहीण’ ही म्हण आपल्या घरांतून पिढ्यान् पिढ्या ऐकू येते. परंतु एखादा आप्त कर्जाचे कागद घेऊन दारी आला की तिची आठवण क्वचितच कोणास होते. महाराष्ट्राबाहेर स्थायिक झालेल्या आपल्या समाजात तर ही भीड अधिकच जड. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे वा बेळगाव, कोणतेही गाव घ्या. तेथील मराठी घरे परस्परांशी सोयरिकीने बांधलेली असतात. बँकेला किंवा पतपेढीला जामीनदार हवा असला की तो व्याह्यांत, मेहुण्यांत वा चुलतभावांत शोधला जातो. “नुसती सही तर करायची आहे,” असे म्हटले जाते. त्या सहीचा कायद्याने होणारा अर्थ प्रत्येक कुटुंबाने समजून घ्यावा, इतका तो गंभीर आहे.

जामीनकीचे नियम १८७२ च्या भारतीय करार कायद्यात, कलम १२६ ते १४७ मध्ये दिलेले आहेत. त्यांतील कलम १२८ सांगते की, करारात निराळे ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच असते. म्हणजे मुद्दल, व्याज आणि वसुलीचा खर्च, सारे त्यात आले. ‘मला त्या कर्जातला एक पैसाही मिळाला नाही’ ही तक्रार येथे चालत नाही. ऋणकोला कर्ज मिळाले, एवढा मोबदला कायद्याला पुरेसा वाटतो.

बँक आधी कर्जदाराची मालमत्ता विकील आणि मगच आपल्याकडे वळेल, अशी पुष्कळांची समजूत असते. ती खरी नाही. ‘बँक ऑफ बिहार विरुद्ध दामोदर प्रसाद’ या खटल्यात खालच्या न्यायालयाने नेमकी अशीच अट बँकेवर घातली होती. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये ती काढून टाकली. धनकोला थांबावयास लावले तर जामिनाचा हेतूच विफल होतो, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. तेव्हा मुदत चुकताच पहिली नोटीस जामीनदारालाही येऊ शकते.

जामीनदार एकाहून अधिक असले तरी निर्धास्त राहता येत नाही. समजा, भाच्याच्या दुकानाच्या कर्जापैकी तीन लाख रुपये थकले आणि तिघांनी मिळून जामीनकी पत्करली आहे. बँक संपूर्ण रक्कम तिघांपैकी एकाकडून मागू शकते. आपसांतील वाटणी प्रत्येकी एक लाखाची हे खरे. पण उरलेले दोन लाख इतर दोघांकडून मिळविण्याची खटपट त्या एकालाच करावी लागते.

‘सहकर्जदार’ म्हणून केलेली सही याहूनही जड. तेथे आपण स्वतःच ऋणको ठरतो. ‘तुमचे नाव केवळ नावापुरते’ असे घरात ठरले असले तरी त्याचे बंधन बँकेवर नसते. जामिनापोटी राहते घर गहाण लिहून दिले असेल, तर २००२ च्या सरफेसी कायद्याप्रमाणे साठ दिवसांची नोटीस देऊन, दिवाणी दावा न लावताही बँक त्याचा ताबा घेण्याची कारवाई करू शकते. जामीनदाराच्या मृत्यूनेही आधीचे देणे मिटत नाही. वारसांना ते फेडावे लागते. मात्र वारशाने मिळालेल्या मालमत्तेपुरतेच, स्वतःच्या कमाईतून नव्हे.

कायद्याने जामीनदाराला अगदीच वाऱ्यावर सोडलेले नाही. त्याच्या संमतीवाचून बँकेने कर्जाच्या अटी बदलल्या तर त्यापुढील व्यवहारांतून तो मुक्त होतो. परंतु छापील मसुद्यात अशा बदलांना आगाऊ संमती बहुधा लिहून घेतलेली असते. बँकेने महत्त्वाची गोष्ट दडवून जामीन मिळविला असेल तर तो रद्द ठरतो. भाच्यानेच ती दडविली आणि बँकेला त्याची वार्ता नव्हती, तर मात्र सुटका नाही. पैसे भरल्यावर जामीनदार धनकोच्या जागी येतो. बँकेकडील तारणावर त्याचा हक्क पोहोचतो आणि मूळ ऋणकोवर त्याला दावा लावता येतो. त्याची मुदत पैसे भरल्यापासून तीन वर्षांची आहे, म्हणून प्रत्येक पावती जपून ठेवावी.

आपल्या वाचकांना आणखी एक अडचण असते. कागद कन्नड, गुजराती, हिंदी वा इंग्रजीत असतात आणि घरातील वडीलधाऱ्यांना ती कायद्याची भाषा नीट उलगडत नाही. ‘मी वाचले नव्हते’ हा बचाव सहसा टिकत नाही. म्हणून जाणत्याकडून मसुदा आधी वाचवून घ्यावा, कोऱ्या कागदावर सही करू नये, आणि सही केलेल्या प्रत्येक कागदाची प्रत मागून घ्यावी. जामीन ठरावीक रकमेपुरता ठेवता येईल काय, हे विचारावे. हप्ते भरले जातात की नाही, याची अधूनमधून चौकशी करावी. जामीनदाराच्या पतअहवालातही या कर्जाची नोंद होते.

सही करण्यापूर्वी पतिपत्नींनी एकत्र बसून एकच हिशेब करावा: हे सारे कर्ज उद्या आपल्यालाच फेडावे लागले, तर मुलांचे शिक्षण आणि राहते घर सांभाळून ते फेडता येईल काय? उत्तर ‘नाही’ असे आले, तर आप्ताला तसे स्पष्ट सांगावे आणि जमेल तेवढी रक्कम, परतीची अपेक्षा न ठेवता, हाती द्यावी. नकाराने आलेला रुसवा एखाद्या सणासमारंभात निवळतो. न्यायालयाच्या पायरीवर तुटलेले नाते सहसा जुळत नाही.