निशाणी नांगर

सतराव्या शतकातला एखादा मोठा महजर उलगडायला घेतला की तो पसरतच जातो. कागदाचे अरुंद बंद एकाखाली एक डकवत नेलेले असतात. जोडावर शिक्का असतो, म्हणजे मधला बंद काढून तिथे दुसरा घालायची कुणाची छाती होऊ नये. मोडीच्या ओळी या कडेपासून त्या कडेपर्यंत अखंड धावतात. तळाशी हजर माणसांची नावे असतात आणि पुष्कळ नावांपुढे चित्रे. पाटलाच्या नावापुढे नांगर, शेटे-महाजनांपुढे तराजू, न्हाव्यापुढे आरसा, चांभारापुढे आरी. ज्याला अक्षर येत नाही त्याने आपल्या धंद्याचे हत्यार उठवून त्या कागदाला आपले नाव दिलेले असते. शेजारी लिहिणारा नोंद करतो : निशाणी नांगर.

महजर म्हणजे निवाड्याचा कागद. वतनाचा तंटा कुणापुढे चालला, वादी काय म्हणाला, साक्षी काय झाल्या आणि निकाल काय लागला, याची हजर मंडळींसमक्ष केलेली ही नोंद. मध्ययुगातून बाहेर पडणाऱ्या महाराष्ट्राचा इतिहास आपण लढाया, किल्ले आणि घराणी यांच्या आधाराने सांगतो. ते योग्यच आहे. पण चौदाव्या ते सतराव्या शतकांत इथल्या साध्या माणसाच्या जगण्यात जे सर्वांत खोल स्थित्यंतर झाले, ते माझ्या मते या नांगराच्या निशाणीत आहे. दगड-तांब्यावर आणि लोकांच्या आठवणीत राहणारा हक्क कागदावर आला, आणि तो टिकवण्यासाठी गावाला आपला भूतकाळ शब्दांत मांडावा लागला.

त्याआधी काय होते, ते अजूनही ठिकठिकाणी उभे आहे. यादवकाळात दान कायम करायचे तर ताम्रपट करीत किंवा शिळा कोरीत. पंढरपूरच्या देवळातला चौऱ्यांशीचा शिलालेख शके ११९५ ते ११९९ मधल्या, म्हणजे १२७३ ते १२७७ या वर्षांतल्या देणग्या नोंदवतो. कोकणात आणि देशावर गद्धेगाळ सापडतात. वर चंद्र-सूर्य, मधे मजकूर आणि खाली दान मोडणाऱ्याला दिलेली ओंगळ शिवी चित्ररूपाने. या लेखांत राजे, मंत्री, देवळे, मठ आणि अग्रहारांचे ब्राह्मण भेटतात. नांगरधरे कुणबी, सुतार, महार क्वचितच. कागदाच्या काळात या माणसांची रीघ लागते.

कागद इथे कसा रुजला? १३१८ मध्ये यादवांची सत्ता संपली, १३२७ मध्ये महंमद तुघलकाने देवगिरीचे दौलताबाद करून तिथे राजधानी हलवली, आणि १३४७ मध्ये बहमनी राज्य उभे राहिले. या उलथापालथीत सैनिक आले, सूफी आले, मुन्शी आले आणि कागद करणारे कारागीरही आले. दौलताबाद-खुलताबादच्या वाटेवरचे कागजीपुरा हे गाव आपल्या धंद्याची परंपरा तुघलकाच्या काळापर्यंत नेते. तिथली जुनी रीत म्हणजे चिंध्या भिजवून कुटायच्या, त्यांचा लगदा हौदाच्या पाण्यात कालवायचा, चटईसारख्या जाळीवर तो अलगद उचलायचा, ओला ताव भिंतीला चिकटवून वाळवायचा, मग खळ देऊन गुळगुळीत दगडाने घोटायचा. घोटलेल्या कागदावर बोरू अडखळत नाही आणि काजळाची शाई फुटत नाही. तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वीचे असे कागद आजही हातात घेऊन वाचता येतात. आपल्या गिरण्यांचा कागद त्या मानाने फार लवकर पिवळा पडून मोडतो.

कागद आला तो फारसी कारभाराच्या हाताला धरून. दरबारातली फर्माने फारसीत निघत, पण सारा ठरायचा आणि वसूल व्हायचा तो गावात, आणि गाव मराठी बोलत होते. इतिहासकार फरिश्ता सांगतो की १५३४ मध्ये विजापूरच्या गादीवर आलेल्या पहिल्या इब्राहीम आदिलशहाने हिशेबाचे दफ्तर फारसीतून काढून हिंदवीत, म्हणजे इथल्या देशी भाषेत, आणले आणि त्यामुळे ब्राह्मण कारकुनांचे वजन वाढले. एका फर्मानाने हे सारे झाले असेल असे मला वाटत नाही. गावचा कुलकर्णी आणि परगण्याचा देशपांडे आधीपासून मराठीतच लिहीत असणार, दरबाराने ते मान्य केले. काही झाले तरी लिहिणाऱ्यांचा एक मोठा वर्ग या काळात उभा राहिला. पुढे शिवाजी महाराजांना स्वराज्याचा कारभार उभारताना चिटणीस, मुजुमदार, सबनीस तयार मिळाले ते या वर्गातून.

या मिश्र जगाची खूण कागदाच्या पहिल्या ओळीतच दिसते. तारीख शके आणि तिथीने दिलेली असते तशीच शुहूर सनानेही, आणि तो सन अरबी आकड्यांच्या शब्दांत. सन सीत अर्बैन अलफ. म्हणजे सहा, चाळीस आणि हजार मिळून १०४६. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सनाचे १६४५-४६ हे वर्ष येते. हे वर्ष सुरू होई मृग लागताना. कुणब्याच्या पेरणीचे नक्षत्र आणि अरबी आकडे यांची अशी सांगड घातलेली, आणि लिहिणारा कुलकर्णी ती सहज लिहून जातो. १६७४ मध्ये महाराजांनी राज्याभिषेक शक सुरू केला तरी शुहूर सनाची ही चाल पेशवाईअखेरपर्यंत टिकून राहिली.

तंटे कशाचे? पाटीलकीचे, देशमुखीचे, कुळकर्णाचे, शिवेचे. आणि मानपानाचे. होळीला पहिली पोळी कुणाची, पोळ्याला तोरणाखालून पहिला बैल कुणाचा, लग्नात पहिला विडा कुणाला. आज आपल्याला हे क्षुल्लक वाटेल. ज्याचा बैल पहिला गेला त्याचे घर वडील, आणि वडीलकीवर इनाम जमीन, बलुत्याचा वाटा आणि सरकारदरबारचा शब्द अवलंबून होता. म्हणून एकेका मानासाठी दोन-दोन पिढ्या भांडल्या, खूनही पडले. दुष्काळाने गुंता वाढे. १६३० ते १६३२ चा दुष्काळ दख्खनने पाहिलेल्या सर्वांत भीषण दुष्काळांपैकी एक. गावेच्या गावे उठली. पोट जाळण्यासाठी पाटलाने अर्धी पाटीलकी विकायची, घरदार सोडून परमुलखात जायचे, आणि वीस-तीस वर्षांनी त्याच्या मुलाने वा नातवाने परत येऊन आपले वतन मागायचे, असे घडे. कागद असला तर बरे. नसला तर माणसांच्या आठवणी गोळा कराव्या लागत.

त्या गोळा करण्याची रीत मोठी कसोशीची होती. डॉ. वि. त्र्यं. गुणे यांनी मराठ्यांच्या न्यायव्यवस्थेवरच्या आपल्या १९५३ च्या ग्रंथात शेकडो महजरांच्या आधाराने ती मांडली आहे. आधी दोन्ही पक्षांकडून राजीनामे आणि जामीनकतबे घेत, म्हणजे निवाडा मानण्याची लेखी कबुली. मग दोघांच्या तकरिरी, म्हणजे आपापल्या बाजूच्या कैफियती. सुलतानी अमदानीतल्या मजलिशीत काजी, सरकारी अंमलदार, देशमुख, देशपांडे, शेजारगावचे पाटील आणि बारा बलुते एकत्र बसत. मराठी राज्यात गोतसभेचे, म्हणजे वतनदार आणि गावकऱ्यांच्या सभेचे, महत्त्व वाढले. साक्षीदारांना शपथ घालून, कधी नदीच्या पाण्यात उभे करून, बेचाळीस पूर्वजांचे स्मरण देऊन गोही, म्हणजे साक्ष, घेत. निकाल लागला की जिंकणाऱ्याने हरकी भरायची आणि हरणाऱ्याने गुन्हेगारी. शिवाय हरणाऱ्याकडून येजितखत लिहून घेत. आपण खोटे भांडलो, पुन्हा हा कज्जा उकरणार नाही, असे त्याच्याच तोंडचे ते वाक्य.

साक्षींनी उलगडा झाला नाही तर दिव्य. रवा दिव्यात उकळत्या तेला-तुपातून धातूचा तुकडा काढायचा. आधी हात धुऊन नखे काढीत. नंतर हात पिशवीत बांधून त्यावर मोहर करीत आणि तिसऱ्या दिवशी मंडळींसमोर पिशवी उघडीत. हाताला इजा दिसली नाही तर तो खरा. कागद आला म्हणून श्रद्धा गेली असे झाले नाही. महजरात दिव्याची हकिकतही तितक्याच काटेकोरपणे लिहिलेली असते. इनामपत्रांतही हिंदूला गाईची आणि मुसलमानाला डुकराची शपथ असते. गद्धेगाळावरची शिवी तिथे सौम्य होऊन उतरली, इतकेच.

या सगळ्यात महाराची जागा नीट पाहिली पाहिजे. शिवेच्या तंट्यात त्याचा शब्द निर्णायक ठरे, कारण गावची शीव त्याच्या पायांखालची. तो पुढे चालत हद्द दाखवी आणि पाटील-देशमुख मागून जात. महजराच्या तळाशी त्याचीही निशाणी असते. बिदरच्या बादशहाने आपल्याला बावन्न हक्क दिले ही महार समाजाची परंपरागत सांगी आहे, आणि सनदेवर हक्क सांगण्याची रीत समाजाच्या शेवटच्या घरापर्यंत पोचल्याचा तो पुरावा आहे. पण शीव दाखवणाऱ्या त्याच माणसाला गावाच्या आत घर नव्हते. कागदाने त्याचा हक्क लिहिला, आणि त्यासोबत त्याच्या राबण्याचे बंधनही पिढ्यान्‌पिढ्यांसाठी लिहून ठेवले. डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात महार वतनासंबंधीचे विधेयक मांडले ते याच बंधनाविरुद्ध. अखेर १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने गेली. ज्यांना जुन्या गावगाड्याचे फार कौतुक वाटते त्यांनी महजर वाचताना ही बाजूही वाचावी.

तंट्यातूनच मराठीला एक मोठी देणगी मिळाली. वादीला आपल्या घराण्याची हकिकत मूळ पुरुषापासून सांगावी लागे. तिला करीना म्हणत. कुणी गाव वसवले, कुणी कुणाला मारले, कोणत्या खानाच्या अमलात वतन गेले, कुणी ते परत आणले. ही हकिकत न्यायासनापुढे टिकायची तर तिला क्रम लागतो, कारण लागते, साक्ष लागते. मराठी ऐतिहासिक गद्याचे बळ या करिन्यांत घडले. १६९७ च्या सुमारास कृष्णाजी अनंत सभासदाने राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून बखर लिहिली तेव्हा त्याच्या हाती ही भाषा तयार होती.

भोरजवळच्या कारी गावच्या जेधे देशमुखांचे उदाहरण घ्या. जून १६५९ मध्ये अफजलखानाच्या मोहिमेत सामील व्हा, असे आदिलशाही फर्मान कान्होजी जेध्यांना आले. कान्होजी शिवाजी महाराजांच्या बाजूने उभे राहिले, आणि तरी जे मानले नाही ते फर्मानही घराण्याने जपून ठेवले. वतनदाराच्या घरात कुठलाही शिक्क्याचा कागद टाकून देत नसत. त्याच घराण्याच्या संग्रहात करीना होता आणि सालवार नोंदींची एक शकावलीही. लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये ती प्रसिद्ध केली. तोवर महाराजांचा जन्म १६२७ चा मानला जात होता. शकावलीत शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३० अशी नोंद निघाली, आणि कवी परमानंदाच्या शिवभारतातही तीच तिथी सापडली. आज आपण ज्या दिवशी शिवजयंती करतो तो दिवस एका देशमुखाच्या घरातल्या कागदाने आपल्याला दिला आहे.

पेशवाई बुडाल्यावर इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टनने १८१९ च्या अहवालात पंचायतींचे वर्णन केले, पण इंग्रजी कोर्टे आल्यावर गोतसभा मागे पडली. १८५२ च्या इनाम कमिशनने पुन्हा प्रत्येकाकडे कागद मागितला, आणि ज्यांना तो दाखवता आला नाही त्यांची इनामे गेली. पाटलाचे वंशपरंपरेचे पद १९६२ च्या कायद्याने संपले. छापखान्याला देवनागरी सोयीची पडल्याने मोडी शाळांतून आणि कचेऱ्यांतून गेली. १८१० मध्ये विल्यम कॅरीने आपला मराठी कोश मोडी टायपात छापला होता, यावर आज कुणाचा पटकन विश्वास बसत नाही.

कागद मात्र आहेत. वि. का. राजवाड्यांनी गावोगाव पायपीट करून मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे २२ खंड काढले. पहिला आला १८९८ मध्ये. पेशवे दफ्तरातले निवडक कागद गो. स. सरदेसायांनी १९३० नंतरच्या काही वर्षांत ४५ भागांत छापले. तरी पुण्याच्या पुराभिलेखागारात रुमालांच्या रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, न वाचलेले पडून आहेत. आणि त्याहून जास्त काळजी वाटते ती घरांतल्या कागदांची. वाडे पडतात, वाटण्या होतात, माळ्यावरचे गाठोडे कुणालाच वाचता येत नाही आणि एक दिवस ते रद्दीत नाही तर पाण्याच्या बंबात जाते. त्यासोबत त्या घरापलीकडच्या सुतार-कुंभारांच्या आणि महारांच्या निशाण्याही जातात. त्यांचा दुसरा लेखी पुरावा बहुधा कुठेच नसतो.

म्हणून वाचकांना विनंती आहे. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावर, पेटीत, देव्हाऱ्याच्या खणात मोडीचे कागद सापडले तर ते फेकू नका, ऊन दाखवू नका आणि लॅमिनेशन तर मुळीच करू नका. सुती फडक्यात सैल गुंडाळा, प्रत्येक बंदाचे दोन्ही बाजूंनी स्वच्छ फोटो काढा आणि जवळच्या पुराभिलेखागाराला किंवा पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाला कळवा. जमले तर मोडी शिका. सराव ठेवला तर ती वाटते तितकी अवघड नाही. २०१४ पासून ती युनिकोडमध्येही आहे. आपल्या गावचा महजर वाचायला बाहेरून कुणी येणार नाही. तो आपल्यालाच वाचायचा आहे.