वंशावळीत न लिहिलेलं

भोर-वेल्ह्याकडं सोयरीक जुळवताना पोरापोरीआधी घराणं पाहतात. जमीन किती, भावकीत वाद आहे का, हे उघड विचारतात. घरात कुणी वेडसर आहे का, बाप पितो का, हे मध्यस्थाला बाजूला घेऊन. उत्तर बहुधा ठरलेलं: "छे, माळकरी घर हाय." पुढे त्याच घरातला पोरगा रात्र रात्र जागू लागला, कानात आवाज येतात म्हणाला, की आधी देवऋषी होतो, मग पुण्याची वाट. तिथे डॉक्टर तोच प्रश्न विचारतात आणि त्यांनाही तेच उत्तर मिळतं.

पहिल्या लपवाछपवीला निदान कारण तरी आहे. हिंदू विवाह कायद्यानुसार गंभीर मानसिक आजारावरून लग्न रद्द ठरू शकतं. त्या कलमातून अपस्मार निघाला तोसुद्धा १९९९ साली. डॉक्टरपाशी लपवलं तर मात्र नुकसान आपल्याच पोराचं.

"खाण तशी माती" म्हणणाऱ्यांना शास्त्र अर्धाच दुजोरा देतं. स्किझोफ्रेनिया शंभरात साधारण एकाला होतो. आई किंवा वडिलांना असेल तर मुलांत शंभरात दहाच्या आसपास. धोका दहापट खरा, पण नव्वद मुलं सुटतात. एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला झाला तरी दुसऱ्याला निम्म्या वेळाही होत नाही. आईच्या वागण्यानं पोर बिघडलं, या जुन्या आरोपाची लेनर्ड हेस्टन यांनी १९६६ साली अमेरिकेत तड लावली. आजारी आयांपासून जन्मतःच दूर वाढलेल्या ४७ मुलांपैकी पाच जणांना हा आजार झाला, तुलनेला घेतलेल्या ५० जणांत एकालाही नाही. वेडाचं एखादं जनुक असतं, असं मात्र नव्हे. २०२२ च्या जागतिक अभ्यासात जनुकसंचातल्या २८७ जागा निघाल्या, प्रत्येकीचा वाटा चिमूटभर. रक्त तपासून लग्न ठरवू पाहणाऱ्यांना यातून काही मिळायचं नाही.

दारूचं गणित जास्त चकवणारं. व्यसनाच्या धोक्यात माणसामाणसांत जो फरक असतो, त्यातला सुमारे निम्मा अनुवंशाचा. पण रक्तातून येतं ते काय? दरवेळी ओढच येते असं नाही. कॅलिफोर्नियात मार्क शुकिट यांनी मद्यपी बापांच्या मुलांना वर्षानुवर्षं तपासलं. ज्यांना विशीत दारू कमी चढायची, तेच पुढे जास्त अडकले. हळदीच्या रात्री "गडी काय पचवतो!" म्हणून ज्याची पाठ थोपटतात, तोच हा. पाय लटपटले की बाकीचे थांबतात, याचे लटपटतच नाहीत. त्यात गुंठ्यावर जमीन विकून आलेला पैसा आणि रस्त्याकडेचे ढाबे. आजोबाच्या अंगातही हेच असेल. रोज प्यायला त्याच्याकडे पैसे नव्हते, इतकंच.

पुण्यात या दोन्ही दुखण्यांना घरच्यांसकट हात घालणारी माणसं झाली. येरवड्याच्या मनोरुग्णालयात काम करणाऱ्या डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पु. ल. व सुनीता देशपांडे यांच्या मदतीनं १९८६ साली मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. कॅनडात संख्याशास्त्र शिकवणाऱ्या जगन्नाथ वाणींनी पत्नीचा स्किझोफ्रेनिया वर्षानुवर्षं जवळून पाहिला. त्यातून १९९७ साली स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी राहिली. घरातला आजार त्यांनी चारचौघांत सांगितला, हे मला संस्थेहूनही मोठं वाटतं.

वंशावळीचं मोल या मावळाला कुणी शिकवायला नको. कारीच्या जेधे देशमुखांची शकावली (सालवार नोंदी) आणि करीना (घराण्याची हकीकत) टिकले, म्हणून शिवकाळातलं कितीतरी आपल्याला कळलं. पण वतनाच्या कागदावर मुलगे चढतात. लेकी चढत नाहीत, विहिरीत सापडलेला चुलताही नाही. निम्मी जनुकं तर आईकडून येतात. मामाची पोरगी करायची रीत असलेल्या घरात दोन्ही बाजू कधी कधी एकच असतात, आणि तो सगळा हिशेब आजीला पाठ असतो. सून तिच्या भावाचीच लेक. माहेरी कोण खोलीत कोंडलेलं होतं, सासरी कोण कशानं गेलं, ती न अडखळता सांगेल. पुण्याला पोराबरोबर जातात बाप आणि चुलतभाऊ. आजी गुरांपाशी मागे राहते.