परसबागेतील देशी गाजर आणि घरचे बियाणे

भोगीच्या भाजीत आणि संक्रांतीच्या सुगडात गाजर हवेच असते. बारामती व इंदापूर तालुक्यांतील हिवाळा या पिकास मानवतो; परसातील एका वाफ्यावर कुटुंबाची गरज भागू शकते. नारिंगी विलायती गाजर फुलावर येण्यास कित्येक आठवड्यांची कडक थंडी लागते. ती या भागात पडत नाही, म्हणून त्याचे बी येथे धरता येत नाही. तांबडे देशी गाजर मात्र मैदानी हवेतच फुलते. तेव्हा त्याचे बियाणे दरवर्षी विकत घेण्याचे कारण नाही. ते नीट निवडून धरले पाहिजे, इतकेच.

जमीन व पाणी

नीरा डाव्या कालव्यामुळे या भागात बागायत वाढली. पण निचरा नसलेल्या काळ्या जमिनींत खारही वर आला. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी सहकाऱ्यासह नीरा खोऱ्यातील खारट जमिनींची पाहणी करून १९१० साली त्यावर पत्रिका लिहिली होती. गाजर हे खार फारच कमी सोसणारे पीक आहे. ज्या जागी उन्हाळ्यात मातीवर पांढरा थर दिसतो, तेथे ते लावू नये. मचूळ विहिरीचे पाणीही देऊ नये. शंका असल्यास प्रथम माती व पाणी तपासून घ्यावे.

भारी काळ्या जमिनीत सुमारे ३० सेंटिमीटर उंचीचा गादीवाफा करावा. त्यात गाळाची किंवा पोयट्याची माती आणि पूर्ण कुजलेले शेणखत मिसळावे. खडे व ढेकळे वेचून काढावीत. ताजे शेण घातल्यास किंवा माती घट्ट राहिल्यास गाजरास फाटे फुटतात.

पेरणी व निगा

ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरलेले गाजर भोगीच्या सुमारास काढणीस येते. दर १० चौरस मीटरला ५ ते ६ ग्रॅम बी पुरते. बियांवरील कूस तळहातावर चोळून काढावी, बी रात्रभर भिजवून सावलीत सुकवावे आणि कोरड्या वाळूत मिसळून ३० सेंटिमीटर अंतराच्या ओळींत, एक ते दीड सेंटिमीटर खोल पेरावे. उगवणीस दहा ते पंधरा दिवस लागतात. तोपर्यंत वाफ्यावर पाचटाचा पातळ थर पसरून ओल टिकवावी व अंकुर दिसताच तो काढावा. पुढे रोपे विरळून दोन रोपांत ७ ते ८ सेंटिमीटर अंतर ठेवावे. पाणी बेताचे परंतु नियमित असावे. ताण पडल्यानंतर एकदम भरपूर पाणी दिले की गाजरे तडकतात. उघडी पडलेली गाजरे हिरवी होऊ नयेत म्हणून मातीची भर द्यावी.

बियाण्याची निवड

येथेच बहुधा चूक होते. घरात चांगली गाजरे आधी उपटून खाल्ली जातात, आणि वाफ्यात उरलेली बारीक किंवा लवकर फुलावर आलेली झाडे बियासाठी राहतात. असे दोनचार वर्षे चालले की वाण बिघडतो आणि दोष मात्र बियाण्यास दिला जातो. म्हणून लवकर फुललेली झाडे दिसताच उपटावीत. जानेवारीत सर्व गाजरे एकदम काढावीत. लांब, सरळ, गर्द तांबडी व बारीक गाभ्याची गाजरे प्रथम बियासाठी बाजूला काढावीत. उरलेली घरात वापरावीत.

निवडलेल्या गाजराचा पाला १० ते १५ सेंटिमीटर राखून छाटावा आणि खालचा एकतृतीयांश भाग कापावा. कापल्याने आतील गाभाही पारखता येतो. ही गाजरे त्याच दिवशी ६० बाय ४५ सेंटिमीटर अंतरावर, डोके जमिनीलगत राहील अशी, लावून पाणी द्यावे. एप्रिल-मे महिन्यांत छत्रीसारखे फुलोरे तपकिरी झाले की कापून सावलीत वाळवावेत. बी कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवून पुढील दोन हंगामांत वापरावे.

गाजराचे परागीकरण मधमाश्या करतात. जवळपास दुसऱ्या वाणाचे गाजर फुलले तर बियाण्यात भेसळ होते. दोहोंत एक किलोमीटर अंतर असावे. शिवाय चारदोन झाडांचेच बी धरल्यास वाणाचा जोम कमी होतो. निदान चाळीस झाडे हवीत. त्यांना सुमारे ११ चौरस मीटर जागा पुरते, पण एकाच घरातून इतकी उत्तम गाजरे निघणे कठीण. यासाठी पाचसहा घरांनी मिळून एकच वाण लावावा, प्रत्येकाने आपली उत्तम गाजरे द्यावीत आणि बी वाटून घ्यावे. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही जुळवाजुळव केल्यास काम सोपे होईल. सुरुवात संकरित बियाण्याने मात्र करू नये. त्याची पुढील पिढी एकसारखी येत नाही. सरळ वाणच घ्यावा.

निवडीने काय साधते, याचे उदाहरण गुजरातेत आहे. जुनागडजवळील शेतकरी वल्लभभाई मारवाणिया यांनी १९४३ मध्ये गाजराची लागवड सुरू केली. निवडीतून त्यांनी तयार केलेला ‘मधुवन गाजर’ हा वाण इतर राज्यांतही गेला, आणि २०१९ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांनी जे शेतावर केले, त्याचा आरंभ परसातील वाफ्यातही होऊ शकतो: पहिले उत्तम गाजर ताटात न घेता बियासाठी राखून ठेवावे.