बॉण्डवर सही करण्यापूर्वी

आपल्या वस्त्यांतली मुले-मुली आता कॉलेजातून थेट मोठ्या कंपन्यांत ‘मॅनेजमेंट ट्रेनी’ म्हणून जातात. वर्ष-दीड वर्ष फिरती असते. चार महिने कारखान्यात, मग विक्री खात्यात, मग हिशेबात. खात्याबरोबर कधी गावही बदलते. कायमचे खाते ठरते ते बहुधा साहेबांच्या शेऱ्यांवर. म्हणून कोणत्या खात्यात काय केले, याची तारखेनिशी नोंद स्वतःजवळ ठेवावी.

आम्हा वकिलांकडे ही मुले बॉण्ड घेऊन येतात, तीही सही करून झाल्यावर! मुदतीआधी नोकरी सोडली तर दोन लाख भरा. ‘बॉण्डला कोर्टात किंमत नसते’ ही हॉस्टेलातली समजूत आधी सोडा. विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२५ साली तीन वर्षे आणि दोन लाखांची अशीच अट वैध ठरवली. बँक सरकारी होती, हे खरे. करार कायद्याच्या कलम ७४ नुसार लिहिलेला आकडा ही कमाल मर्यादा असते. मिळते ती वाजवी भरपाई. मूळ प्रमाणपत्रे मात्र कंपनीच्या कपाटात ठेवू नका.

राहिला खोलीचा प्रश्न. आडनाव कळले की खोली ‘कालच गेली’ असते. १९१७ साली बडोद्यात बाबासाहेबांनाही राहायला जागा मिळू दिली नाही. तेही संस्थानच्या दहा वर्षांच्या सेवेच्या कराराने बांधलेले होते. महाराष्ट्रात खोली मिळालीच, तर लीव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवून घ्या. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने ती जबाबदारी घरमालकावर टाकली आहे. आणि त्या शहरातल्या विहाराचा पत्ता गाडीत बसण्यापूर्वीच मिळवा.