सॅफ गेम्स : शेजाऱ्यांच्या मैदानाची चाळीस वर्षे

भारत-पाकिस्तान क्रिकेट सामना असला की चौकाचौकात चर्चा रंगते. पण या दोन देशांसह दक्षिण आशियातले सगळे शेजारी जिथे एकाच मैदानावर उतरतात, त्या स्पर्धेबद्दल विचारलं तर बरेच जण गप्प होतात. ही स्पर्धा म्हणजे दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धा. जुनी मंडळी तिला आजही 'सॅफ गेम्स' म्हणतात. तिची थोडक्यात ओळख करून देण्याचा आमचा हा प्रयत्न.

सुरुवात झाली 1984 साली नेपाळच्या काठमांडूत. भारत, पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका, नेपाळ, भूतान आणि मालदीव असे सात देश आले होते. विशेष म्हणजे सार्क संघटना स्थापन झाली ती त्यानंतर, डिसेंबर 1985 मध्ये. म्हणजे नेते एका टेबलावर बसायच्या आधी खेळाडू एका मैदानावर जमले होते! स्पर्धेचं ब्रीद आहे शांती, समृद्धी आणि प्रगती.

पुढे ढाका, कोलकाता, इस्लामाबाद, कोलंबो, पुन्हा ढाका आणि 1995 मध्ये मद्रास असा प्रवास झाला. 1985 मध्ये आपल्या मातीतली कबड्डी यात आली. महाराष्ट्राच्या लाडक्या खो-खोला मात्र 2016 पर्यंत वाट पाहावी लागली.

या स्पर्धेचं खरं दुखणं म्हणजे राजकारण. इस्लामाबादची स्पर्धा 2001 मध्ये होणार होती. अमेरिकेवरील हल्ला, अफगाणिस्तानातील युद्ध आणि सीमेवरचा तणाव यामुळे ती थेट 2004 च्या मार्च-एप्रिलमध्ये झाली. त्याच दिवसांत भारतीय क्रिकेट संघही पाकिस्तान दौऱ्यावर होता. अफगाणिस्तान याच वेळी पहिल्यांदा सहभागी झाला आणि स्पर्धेला 'साउथ एशियन गेम्स' हे नवं नावही मिळालं. पुढे 2012 ची दिल्लीतील स्पर्धा भारतीय ऑलिम्पिक संघावरील निलंबनामुळे रखडली आणि अखेर 2016 मध्ये गुवाहाटी-शिलाँगला झाली. 2019 मध्ये यजमानपद पुन्हा नेपाळकडे गेलं, पण तोपर्यंत अफगाणिस्तान यातून बाहेर पडला होता.

पदकतक्त्यात भारत नेहमीच वर असतो. 2019 मध्ये आपण 174 सुवर्णांसह 312 पदकं मिळवली. त्यामुळे काहींना वाटतं, यात मजा काय? आम्हाला हे पटत नाही. छोट्या देशाला मिळालेल्या एका पदकाची किंमत काय असते ते बघा. त्याच 2019 मध्ये मालदीवच्या हसन सईदने 100 मीटर धावण्यात बाजी मारली. मालदीवचं या स्पर्धेतलं ते पहिलंच सुवर्ण!

आणखी दोन मुलींची नावं आम्हाला सांगावीशी वाटतात. कराचीच्या कोरंगी भागातल्या गरीब घरातली नसीम हमीद 2010 मध्ये ढाक्यात 100 मीटर जिंकून दक्षिण आशियातली सर्वात वेगवान महिला ठरली. पाकिस्तानच्या कुठल्याही मुलीला हे आधी जमलं नव्हतं. दुसरी बांगलादेशची वेटलिफ्टर माबिया अख्तर. 2016 मध्ये गुवाहाटीत सुवर्ण जिंकल्यावर राष्ट्रगीत सुरू झालं आणि सलाम ठोकून उभी असलेली ही मुलगी ढसाढसा रडू लागली. तो व्हिडिओ सीमेच्या दोन्ही बाजूंनी पाहिला गेला.

आपल्या मोहल्ल्यातही शाळेच्या शर्यतीत पहिली येणारी एखादी नसीम असते. पण आठवी-नववीनंतर 'आता पुरे' म्हणून तिचे बूट कोपऱ्यात जातात. मैदान दूर, प्रशिक्षक नाही, लोक काय म्हणतील याची भीती वेगळीच. यातली पहिली दोन कारणं सोडवायला पैसा आणि सरकार लागेल. तिसरं मात्र आपल्याच हातात आहे.

चौदाव्या स्पर्धेचं यजमानपद पाकिस्तानकडे आहे. ती 2021 मध्ये व्हायची होती, पण तारखा पुढे-पुढे ढकलल्या गेल्या. सरकारांची भांडणं आज ना उद्या मिटतील, पण खेळाडूचं वय कुणासाठी थांबत नाही. ज्या मुलामुलींची उमेद या वर्षांत निघून गेली, त्यांचा हिशोब कुठल्याच पदकतक्त्यात लिहिला जाणार नाही.