माशाचा पांढरा डोळा आणि लेसरचा उपचार

आरोंद्याच्या खाडीकाठी माशाचे डोके आवडीने खाणाऱ्यांना एक गोष्ट परिचयाची आहे. ताज्या माशाचा डोळा काचेसारखा नितळ असतो. पण कढी उकळली की त्याच डोळ्यातून खडूसारखी पांढरी, कडक गोळी निघते. ही गोळी म्हणजे त्या माशाच्या डोळ्यातील भिंग होय. चुलीवर चढण्यापूर्वी ते पारदर्शक होते.

उष्णतेने हा बदल का व्हावा? भिंग, मांस, अंडे यांत पाण्याबरोबर प्रथिने असतात. प्रथिनाचा कण म्हणजे नीट गुंडाळलेला दोरा समजा. हे कण अतिशय लहान असतात व सारखे पसरलेले असतात, म्हणून प्रकाश त्यांतून फारसा न अडखळता जातो. साधारण ६० अंश सेल्सिअसच्या पुढे अंड्यातील काही प्रथिनांचे दोरे उलगडू लागतात, एकमेकांत गुंततात आणि त्यांच्या गुठळ्या होतात. या गुठळ्यांवर आपटून प्रकाश चहूकडे विखुरतो व आपल्याला पांढरेपणा दिसतो. (आपण ‘अंड्याचा पांढरा भाग’ म्हणतो खरे, पण कच्चा असताना तो पांढरा कुठे असतो?) यात पांढरा रंग असा कोणताच नाही. लाटेचा फेसही याच न्यायाने पांढरा दिसतो.

सुंगटे किंवा कुर्ली शिजल्यावर लाल होते, त्याचे कारण मात्र निराळे. तेथे लाल द्रव्य आधीपासून असते, पण प्रथिनाने जखडल्यामुळे त्याचा रंग झाकलेला असतो. उष्णतेने ते मोकळे होते.

आता हा स्वयंपाकघरातला बदल नेत्रतज्ज्ञाच्या कामी कसा येतो ते पाहू. मधुमेहात डोळ्याच्या मागील पडद्याच्या रक्तवाहिन्या बिघडतात. काही रुग्णांत तेथे नव्या, नाजूक वाहिन्या फुटतात व रक्तस्राव होतो. त्यांना रोखण्यासाठी लेसर वापरतात. जर्मनीचे डॉ. मायर-श्विकेराथ यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस प्रखर प्रकाशाने पडदा भाजण्याचा हा मार्ग शोधला. सुरुवातीस त्यांनी चक्क सूर्यप्रकाश वापरला होता. लेसर आला तो १९६० नंतर. पडद्यामागील गडद थर प्रकाश शोषून तापतो आणि वरचा पारदर्शक पडदा त्या ठिकाणी फिकट पांढरा पडतो. नेहमीच्या पद्धतीत हा ठिपका उमटला की डॉक्टरांना उष्णता पुरेशी झाल्याचे कळते. हात तेथेच आवरावा लागतो.

“लेसर मारूनही नजर वाढली नाही,” अशी तक्रार अनेकदा ऐकू येते. उकडलेले अंडे पुन्हा कच्चे होत नाही, तसा भाजलेला ठिपकाही पूर्ववत होत नाही. पडद्याच्या कडेचा थोडा भाग मुद्दाम खर्ची घालून मधली नजर वाचवायची, असा हा व्यवहार आहे. गेलेली दृष्टी त्याने सहसा परत येत नाही. असलेली टिकावी म्हणूनच तो करतात. आज काही रुग्णांना डोळ्यात इंजेक्शनेही देतात. पण दोन्हींसाठी वेळेत जावे लागते, आणि या आजारात सुरुवातीला ना दुखते, ना कमी दिसते!

म्हणून मधुमेह असलेल्यांनी, चांगले दिसत असले तरी, वर्षातून एकदा बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्यावा. थेंब घातल्यावर काही तास अंधुक दिसते. तेव्हा सावंतवाडीस जा की गोव्यात, सोबत कोणीतरी न्यावे, आणि येताना मोटारसायकल त्यालाच चालवू द्यावी.